आधी बेड, रंग नंतर

जपानमध्ये जुना लेथ घरी आणून दुरुस्त करणाऱ्यांची एक जमात आहे, आणि हल्ली मीही तिच्यात मोडतो. तोक्योतला ओता भाग किंवा हिगाशी-ओसाका इथे छोटी छोटी वर्कशॉप आहेत. मालक थकतो, मुलगा ऑफिसात नोकरीला, एक दिवस शटर कायमचं खाली येतं आणि मशीन किलोच्या भावाने भंगारात जातं. तेवढ्यात कोणी पोचलं तर वाचतं.

घरी आणल्यावर पहिला मोह होतो रंगाचा. माझं मत विचाराल तर रंगाचा डबा लपवून ठेवा. लेथचा जीव बेडमध्ये असतो आणि बेड सगळीकडे सारखा झिजत नाही. बहुतेक जॉब आखूड, त्यामुळे सॅडल वर्षानुवर्षं चकजवळच मागेपुढे घासते. टेलस्टॉककडचा भाग मात्र जवळपास नवा. मग सरळ दांडा टर्न करायला जावं, तर तो एका टोकाला जाड निघतो.

यावर इलाज स्क्रेपिंगचा. सपाट पट्टीला रंग लावून बेडवर घासायची, जिथे रंग उमटला तो उंचवटा हाताने खरवडायचा. पुन्हा रंग, पुन्हा खरवड. एका वेळी निघतात ते काही मायक्रॉन. जपानीत याला 'किसागे' म्हणतात. मुरलेले कारागीर हत्याराची मूठ पोटाशी टेकवून अख्ख्या अंगाचा रेटा देतात. घरी करायचं तर महिन्याचे रविवार विसरा.

पण ती पट्टी तरी सपाट कशावरून? (पीएचडीच्या तोंडी परीक्षेत हे कोणी विचारत नाही!) जोसेफ व्हिटवर्थने १८४० साली यावरची रीत मांडली: तीन प्लेटा घेऊन आलटूनपालटून एकमेकींशी जुळवायच्या. दोनच असल्या तर एक फुगीर, दुसरी खोलगट राहूनही छान जुळतात. तिसरी आली की लबाडी उघडी पडते. म्हणजे अचूकतेच्या मुळाशी माणसाचा हातच आहे.

विजेचा ताप वेगळाच. घरात सिंगल फेज, लेथची मोटर थ्री फेज. त्यात पश्चिम जपानात ६० हर्ट्झ आणि पूर्वेला ५०, त्यामुळे ओसाकाची मोटर तोक्योत सहाव्या हिश्श्याने मंद. इन्व्हर्टर लावला की मिटतं. असो.

आपल्याकडे हरिहरच्या म्हैसूर किर्लोस्करचा कारखाना बंद पडला, पण त्यांचे लेथ अजून वर्कशॉपांत दिसतात. आयटीआयच्या फिटर ट्रेडमध्ये स्क्रेपिंग शिकवतात, आणि घरोघरी त्याच आयटीआयचं नाव 'मार्क कमी पडले म्हणून' अशा सुरात घेतात. बेड खरवडायला फिटर पैसे मागतो तेव्हा ते जास्त वाटतात, रंगाचे मात्र कोणाला वाटत नाहीत. जुना लेथ घेणार असाल तर रंग बघूच नका. चकजवळ बेडच्या कडेवर नख फिरवा, पायरी लागते का बघा. मग तिथेच सॅडलचे स्क्रू बेताने आवळा आणि ती टेलस्टॉककडे न्या. वाटेत अडकली, तर भाव त्या हिशोबाने पाडून मागा.