बीडच्या गच्चीवर स्ट्रॉबेरी? लावा, पण विकायला नको

"सर, गच्चीवर स्ट्रॉबेरी लावून विकू का?" दुकानात हे विचारणारे बरेच येतात. माझं मत स्पष्ट आहे, घरच्यासाठी लावा. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये जीआय मानांकन मिळालं, पण तिथली थंड हवा आपण कुठून आणणार? आपल्याला मिळतात थंडीचे तीन-चार महिने. म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तयार रोपंच लावा, बियांच्या नादी लागू नका. मधला कोंब मातीच्या वर ठेवा. मी गाडला होता, दहाच्या दहा रोपं सडली! लांब पळणारे फुटवे खुडा, फळाखाली काड पसरा.

आता कुंडी, माती, रोपं, पाणी, सगळा खर्च मांडा. वाटीभर फळ केवढ्याला पडलं? धंदाच करायचाय तर बीडच्या सीताफळालाही २०१६ मध्ये जीआय मिळालंय. त्याची रबडी विकून बघितली का कधी?