चाकोऱ्यांची परीक्षा

उन्हाळा सरत आला की सिग्नलपाशी आणि बसथांब्यांजवळ डांबरी रस्त्यावर दोन खोलगट चाकोऱ्या उमटतात. पावसाळ्यात त्यांत पाणी साचते आणि दुचाकी घसरतात. हे खड्डे नव्हेत. तापलेले मिश्रण अवजड वाहनांखाली दबून बाजूला सरकलेले असते. प्रयोगशाळेत मात्र हेच मिश्रण बहुधा उत्तीर्ण झालेले असते!

आपली मुख्य भिस्त आजही मार्शल चाचणीवर आहे. मिसिसिपीच्या महामार्ग खात्यातील ब्रूस मार्शल यांनी ती १९३९ च्या सुमारास मांडली. ६० अंश सेल्सिअसला तापवलेला नमुना एकदाच दाबून मोडायचा आणि त्याने किती भार पेलला ते नोंदवायचे. रस्त्यावरून चाके लाखो वेळा जातात, याचा हिशेब त्यात येत नाही. टेक्सासने म्हणूनच हॅम्बुर्ग चाचणी स्वीकारली. ५० अंशांच्या पाण्यात बुडवलेल्या नमुन्यावरून पोलादी चाक फिरवतात. साडेबारा मिलिमीटर खोल चाकोरी पडण्याआधी साध्या डांबराच्या मिश्रणाने १० हजार, तर अधिक उष्णता सोसणाऱ्या 'पीजी ७६' डांबराच्या मिश्रणाने २० हजार फेऱ्या सोसाव्यात, असा निकष आहे.

हे आकडे जसेच्या तसे उचलणे घातक ठरेल. विदर्भात ऐन उन्हाळ्यात रस्त्याचा पृष्ठभाग ६० अंशांपुढे जातो. फेऱ्या, तापमान आणि खोली हे तीनही आकडे स्थानिक हवामान व वाहतूक पाहून निविदेतच लिहिले पाहिजेत. तोवर मार्शलचा अहवाल दाखवून कंत्राटदार मोकळा होतो.