आपल्या यंत्रावर सत्ता कोणाची?

जुलै १९३० मध्ये लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदच्या राखीव जंगलात गवत कापून कायदेभंग केला. त्याच महिन्यात डॉ. हेडगेवारांनी यवतमाळजवळ जंगल सत्याग्रह करून कारावास पत्करला. गवताचे मोल ते काय! प्रश्न होता तो आपल्याच भूमीतील वस्तू वापरण्यासाठी परक्याचा परवाना का घ्यावा, हा.

आज तोच प्रश्न घरातील संगणकापुढे निराळ्या रूपात उभा आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने 'विंडोज १०'चे नियमित साहाय्य थांबविले. 'विंडोज ११'साठी आवश्यक टीपीएम २.० चिप वा मान्य प्रोसेसर नसलेले असंख्य लॅपटॉप एका निर्णयाने कालबाह्य ठरले. यंत्र सुस्थितीत, पैसे आपण मोजलेले. निवृत्तीचा हुकूम मात्र दूरदेशीचा! जुलै २०२५ मध्ये तर युरोपीय संघाच्या निर्बंधांनंतर 'नायरा एनर्जी' या भारतातील तेलकंपनीच्या मायक्रोसॉफ्ट सेवा स्थगित झाल्या. कंपनीने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतल्यावर त्या पूर्ववत झाल्या. वणी-दारव्ह्याच्या शाळेला हा मार्ग परवडेल काय?

लिनक्स हा यावरील उपाय आहे. तो जन्माने स्वदेशी नव्हे. १९९१ मध्ये फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने त्याचा गाभा रचला. परंतु तो कोणीही वाचावा, बदलावा, वाटावा, अशी मुभा त्याचा परवानाच देतो. म्हणूनच सी-डॅकला 'बॉस' ही भारतीय आवृत्ती घडविता आली. ज्ञान कोठूनही यावे; त्याची किल्ली आपल्या हाती असावी, हीच खरी स्वदेशी.

जुन्या, हलक्या लॅपटॉपवर लिनक्स बसविणे अवघड नाही. प्रथम कागदपत्रे व छायाचित्रे अन्यत्र जतन करावीत. 'लिनक्स मिंट'ची एक्सएफसीई आवृत्ती २ जीबी रॅमवरही चालते. ४ जीबी असल्यास उत्तम. ती पेनड्राइव्हवर घेऊन त्यावरूनच यंत्र सुरू करावे. हार्ड डिस्कला धक्का न लावता वाय-फाय, ध्वनी, पडदा तपासता येतात. वाय-फाय न चालल्यास मोबाईल केबलने जोडून इंटरनेट घ्यावे व ड्रायव्हर उतरवावा. समाधान झाल्यावरच प्रणाली कायमची बसवावी. मराठीसाठी इनस्क्रिप्ट कळफलक जोडता येतो.

अडचणी नाहीत असे नव्हे. टॅली लिनक्सवर थेट चालत नाही. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधील मजकूर रूपांतरित करावा लागतो. डिजिटल स्वाक्षरीचे उपकरण आधी पारखून घ्यावे. व्यापाऱ्याने म्हणूनच घाई करू नये. विद्यार्थी, गृहिणी आणि शाळा यांना मात्र या अडचणी क्वचितच आडव्या येतात. केरळच्या शासकीय शाळा अनेक वर्षे मुक्त प्रणालीवर संगणक शिकवीत आहेत. तेथील राज्यकर्त्यांशी आपले मतभेद असोत. चांगले ते घ्यावे.

स्वदेशीवर बोलणाऱ्या कार्यकर्त्याच्याच संगणकावर चोरीची विंडोज असणे शोभत नाही. तालुक्यातील संगणक जाणणाऱ्या दोन तरुणांनी महिन्याचा एक रविवार दिला, तरी शाळांच्या कपाटांत धूळ खात पडलेले लॅपटॉप पुन्हा मुलांच्या हाती येतील. या सेवेला निधी नको, निश्चय हवा.