शेवट आधीच ठरलेली गोष्ट

मराठीतली पहिली स्वतंत्र कादंबरी कोणती, याचे उत्तर मराठी घेऊन पदवी मिळवणाऱ्या प्रत्येकाला पाठ असते. बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’, साल १८५७. उत्तराला गुण मिळतात आणि विषय तिथेच संपतो. ही कादंबरी एका ख्रिस्ती लेखकाने आपल्या श्रद्धेतून लिहिली होती, याकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही. त्यामुळे पुढचा प्रश्नही विचारायचा राहून जातो. ज्या समाजाने मराठीला पहिली कादंबरी दिली, त्या समाजात कादंबरीकारांची सलग परंपरा का उभी राहिली नाही?

ख्रिस्ती मराठी साहित्य म्हटले की कवितेत रेव्हरंड टिळक आठवतात, आत्मचरित्रात लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’. निबंध आणि अनुवादासाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे नाव ओठांवर येते. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला, म्हणजे आताच्या धाराशिवला भरलेल्या ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. पण ख्रिस्ती कादंबरीकार कोण, असे विचारले की चांगला वाचकही थबकतो.

याचे एक कारण अगदी सुरुवातीलाच सापडते. जॉन बन्यनच्या गाजलेल्या रूपककथेचा ‘यात्रिक क्रमण’ हा हरि केशवजींनी केलेला अनुवाद १८४१ साली प्रसिद्ध झाला. वाटेत संकटे, शेवटी स्वर्गनगरी. यात्रेकरू पोचणार, हे वाचकाला पहिल्या पानापासून ठाऊक. रूपककथेला हे शोभते. पण हाच साचा कादंबरीला घातला की पात्रांचा श्वास कोंडतो.

‘यमुनापर्यटन’मध्ये ही ओढाताण स्पष्ट दिसते. विधवाविवाहाचा कायदा झाला १८५६ साली आणि वर्षभरात पदमनजींनी ही कथा लिहिली. यमुना नवऱ्याबरोबर प्रवास करते, ठिकठिकाणच्या विधवांची दुःखे ऐकते. पुढे तिच्यावरच वैधव्य कोसळते आणि केशवपनाचे संकट दाराशी येते. या बायकांच्या हकिगती आजही मन हलवतात. मात्र धर्मचर्चा सुरू झाली की कथा थांबते आणि लेखक व्यासपीठावर चढतो. अखेरीस यमुना ख्रिस्ती होते, तिचा पुनर्विवाह होतो आणि सारे प्रश्न सुटतात. जिथे लेखकाने ऐकले तिथे कादंबरी जिवंत राहिली, जिथे त्याने शिकवले तिथे ती प्रवचन झाली.

म्हणून श्रद्धा बाजूला ठेवावी काय? मुळीच नाही. श्रद्धा हाच ज्याच्या जगण्याचा गाभा आहे, त्याने ती वगळून लिहायचे म्हणजे दुसऱ्याचे कपडे घालून मिरवायचे. मात्र श्रद्धेचे उत्तर सांगण्याआधी त्या उत्तरापर्यंतचा रस्ता, त्यावरच्या ठेचांसकट, दाखवावा लागतो. लक्ष्मीबाईंनी नेमके हेच केले. १८९५ साली टिळकांनी बाप्तिस्मा घेतला, त्यानंतरची ताटातूट, स्वतःचा राग, सोवळेओवळे एकेक पायरीने गळून पडणे, हे सगळे त्यांनी हसतहसत सांगितले. त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा झाला १९०० साली. मधल्या पाच वर्षांची घालमेल त्यांनी लपवली नाही, म्हणून कोणत्याही धर्माच्या घरात ते पुस्तक आपले वाटते. कादंबरी नसूनही कादंबरीकाराने गिरवावा असा हा धडा आहे.

दूर जपानमध्ये शुसाकु एन्डो या कॅथलिक लेखकापुढेही हाच पेच होता. तिथे ख्रिस्ती लोक शंभरात एक भरतील इतकेच. आपला धर्म म्हणजे अंगाला नीट न बसणारा पाश्चात्त्य सूट आहे, असे त्याला वाटे. तो फेकून न देता आपल्या मापाचा करून घेणे, हे त्याने लेखनाचे काम मानले. १९६६ साली त्याची ‘सायलेन्स’ ही कादंबरी आली. छळापुढे नमून ख्रिस्ताचे चित्र पायाखाली तुडवणाऱ्या धर्मगुरूची ही कथा काही जपानी कॅथलिकांना मुळीच रुचली नाही. आज मात्र जगातल्या थोर ख्रिस्ती कादंबऱ्यांत तिची गणना होते.

आपल्याकडे सामग्रीची वाण नाही. वसईची सामवेदी बोली आहे, चर्चची घंटा आणि केळीच्या बागा आहेत, त्या बागा गिळणाऱ्या इमारतीही आहेत. अहमदनगरच्या, आताच्या अहिल्यानगरच्या खेड्यांत मिशनच्या शाळेत शिकून वर आलेली घराणी आहेत. दलित ख्रिस्ती माणसाची कोंडी तर कादंबरीलाच पेलेल अशी आहे. गाव त्याची जात विसरत नाही आणि १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे कागदावर त्याला अनुसूचित जातीचा दर्जा मिळत नाही.

मग अडते कुठे? माझ्या मते, ख्रिस्ती कथालेखकाच्या खांद्यावर दोन पहारेकरी बसलेले असतात. समाज लहान, सगळे एकमेकांना ओळखणारे. कथेत दारुडा कारभारी किंवा शंकेने पोखरलेला पाळक आला की ‘हा अमक्यावर रोख’ अशी कुजबुज सुरू होते. दुसरा पहारेकरी बाहेरचा. कथेत प्रार्थना आली की त्याला धर्मप्रचाराचा वास येतो. पंढरीची वारी कथेत आली तर तिला कोणी प्रचार म्हणत नाही, मग रविवारच्या उपासनेलाच वेगळा न्याय का? या दोघांच्या धाकाने लेखक निर्मळ, गोड पात्रे रंगवतो. अशी पात्रे नाताळच्या विशेषांकात शोभतात आणि नव्या वर्षात विसरली जातात.

कथा लेखक एकटा लिहितो, पण ती लिहिण्याचे धैर्य त्याला भोवतालचे लोक देतात. आपल्याच माणसांच्या उणिवा छापलेल्या पाहून न बिथरणारी मंडळी, नाताळ अंकात एखादी अस्वस्थ करणारी कथा घेणारा संपादक, धर्माची पाटी न पाहता पुस्तक उचलणारा शेजारचा वाचक, इतके त्याला पुरे आहे. खुद्द ख्रिस्ताने दाखले सांगितले ते गोष्टीच्या रूपात. उधळ्या मुलाच्या दाखल्यात रुसलेला थोरला भाऊ शेवटी घरात गेला की नाही, हे त्याने सांगितलेच नाही. तो शेवट त्याने ऐकणाऱ्यांवर सोपवला. आजच्या लेखकाने तेवढा विश्वास वाचकावर टाकावा, आणि वाचकाने लेखकावर.