बाईचे दुःख आणि कायद्याचा कागद

जुन्नर-आंबेगाव म्हटले की शिवनेरी, द्राक्षे, टोमॅटो आणि ऊस आठवतो. मात्र याच आंबेगावात डिंभे धरणासाठी आदिवासींची घरे-जमिनी पाण्याखाली गेल्या. ३० जुलै २०१४ रोजी माळीण दरडीखाली गाडले गेले आणि दीडशेच्या आसपास माणसे मेली. बिबट्याच्या भीतीने जीव मुठीत धरून उसात खुरपायला जाणाऱ्या मजूर बायाही इथल्याच. यातल्या एखादीला रात्र-रात्र झोप नाही, अन्न गोड लागत नाही, जगणे नकोसे झाले आहे, तर तिने ते सांगायचे कोणाला? घरचे म्हणतात, 'बाहेरचे' आहे, देवऋषाकडे न्या. डॉक्टरपुढे ती अंगदुखी आणि चक्कर एवढेच सांगते, सलाईन लावून घेते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर जाते. नैराश्य हा आजार आहे आणि तो बरा होतो, हे तिच्यापर्यंत पोहोचतच नाही.

कोर्टात पोटगीसाठी येणाऱ्या आमच्या भगिनींना आम्ही वकील मारहाणीचे दाखले मागतो, पुढची तारीख देतो. 'ताई, झोप लागते का?' हे विचारत नाही. हा दोष माझाही आहे.

वास्तविक कायदा या बाईच्या बाजूने उभा आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्याच्या कलम १८ नुसार दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला, तिच्याजवळ पिवळे कार्ड असो वा नसो, सरकारी मानसिक आरोग्य संस्थेत मोफत उपचार हा हक्क आहे. अत्यावश्यक यादीतील औषधे ग्रामीण रुग्णालयापासून वरच्या प्रत्येक सरकारी रुग्णालयात मोफत मिळाली पाहिजेत, असे हेच कलम सांगते. कलम २१ जात, वर्ग, लिंग यावरून भेदभावाला मनाई करते, तर कलम २७ मोफत कायदेशीर मदत देते. तेव्हा घोडेगाव, नारायणगाव, मंचरच्या रुग्णालयांत ही औषधे आहेत काय, मनोविकारतज्ज्ञ कोणत्या वारी येतात, हे विचारणे म्हणजे उपकार मागणे नव्हे. मजूर बाईने एका दिवसाची मजुरी बुडवून येरवड्यापर्यंत का जावे?

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाने दाखवले की, बहुतेक मानसिक आजारांत शंभरपैकी सत्तरहून अधिक रुग्णांना उपचारच मिळत नाहीत. त्या सर्वेक्षणाच्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हताच! पुढे ऑक्टोबर २०२२ मध्ये टेलि-मानस ही १४४१६ क्रमांकाची मोफत सेवा सुरू झाली. तिचे स्वागतच आहे. पण घरातला एकुलता फोन नवऱ्याच्या खिशात असेल, तर बाईने बोलायचे कसे?

उपाय आपल्याच राज्यात सापडला आहे. नाशिक जिल्ह्यातील पेठ या आदिवासी तालुक्यात पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या केंद्राने २०१३ पासून 'आत्मीयता' उपक्रम राबवला. गावातल्याच माणसांना प्रशिक्षण देऊन त्यांनी दुःखी माणसाचे ऐकून घ्यायचे, धीर द्यायचा, गरज असेल तर डॉक्टरकडे पोहोचवायचे आणि सरकारी योजनाही मिळवून द्यायची. यातले शेवटचे काम फार महत्त्वाचे आहे. कारण दारू, कर्ज, बेकारी आणि जातीचा अपमान तसाच ठेवून नुसती गोळी दिली, तर ती अन्यायावरची मलमपट्टी ठरेल. परंतु समाजक्रांती होईपर्यंत बाईने रडत बसावे, असे म्हणणेही तितकेच निर्दयी आहे.

किसा गोतमीचे मूल गेले, तेव्हा तथागतांनी तिला मंत्र दिला नाही. ज्या घरात कोणी मेले नाही, तिथून मोहरी आणायला सांगितले. ती दारोदार फिरली, दुसऱ्यांचे दुःख ऐकले आणि सावरली. आज आपल्या महिला मंडळांनी आणि बचत गटांनी हेच करायचे आहे. गटाच्या बैठकीत हप्त्याचा हिशोब होतो, त्याबरोबर मनाचाही व्हावा. आशाताई आणि अंगणवाडीताईंना मानधनासह प्रशिक्षण मिळावे, आणि औषधांची मागणी ग्रामसभेच्या ठरावात लिहून घ्यावी.

बाबासाहेबांनी समाजाची प्रगती स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजली. मग विहारात दर रविवारी वंदनेला येणारी एखादी बहीण अचानक यायची बंद झाली, तर तिच्या घरी जाणे हे चळवळीचेच काम आहे.