एअर होस्टेसच्या पायातल्या हिल्स गेल्या, आपल्या काउंटरवरच्या मुलीचं काय?

मागच्या व्हिडिओत दुकानातल्या स्टाफच्या युनिफॉर्मवर बोलता बोलता मी एअर होस्टेसचा विषय काढला आणि तिथंच वेळ संपला. व्हिडिओत जे राहिलं ते इथं लिहिते. थोडं लांबेल, चहा घेऊन बसा.

16 एप्रिल 2025 ला अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईची विमानसेवा सुरू झाली. अलायन्स एअरचं एटीआर, सत्तरेक सीटचं छोटं विमान. (आम्ही अकोलेकर शिवणीची धावपट्टी कधी वाढते याची वाट बघत बसलोय, तो विषय आज नको.) तेव्हापासून अमरावतीच्या बॅचमध्ये येणाऱ्या मुलींच्या बोलण्यात केबिन क्रू हा शब्द परत येऊ लागला. मला तो जुना ओळखीचा.

2006 साली मी बारावी झाले. तेव्हा किंगफिशरची लाल ड्रेसवाली जाहिरात सगळीकडं, इंडिगो नुकतीच सुरू झालेली, आणि गावोगावी एअर होस्टेस ट्रेनिंगच्या इन्स्टिट्यूट निघालेल्या. बाबा मला लुनावर बसवून अशाच एका ठिकाणी चौकशीला घेऊन गेले. आतल्या मॅडमनी मार्कशीट मागितली नाही. आधी भिंतीवरच्या पट्टीला उभं केलं, मग दोन्ही हात पुढं करायला लावले. लहानपणी उकळतं दूध सांडून माझ्या डाव्या मनगटावर भाजल्याचा डाग आहे. "हे नाही चालत बेटा, तू ग्राउंड स्टाफचा कोर्स कर," एवढंच बोलल्या. मला इंग्रजी येतं का, माणूस चक्कर येऊन पडला तर मी काय करीन, असलं काही विचारलं नाही. बाबा बाहेर लुनापाशीच उभे होते. मी त्यांना सांगितलं, फी लय आहे. मग बीबीए केलं.

हे रडगाणं म्हणून सांगत नाही. पुढं मी स्वतः काय केलं ते सांगायचंय म्हणून सांगते.

2019 ला अकोल्यात लेडीज वेअरचं दुकान टाकलं, तेव्हा दारावर कागद चिकटवला: "स्मार्ट, दिसायला चांगल्या मुली पाहिजेत." माझ्याच हातानं लिहिला. एक मुलगी आली, साडीच्या दुकानात चार वर्षं काम केलेली. ब्लाउज पीसचं मॅचिंग तर नुसत्या नजरेनं लावायची. तिच्या हनुवटीवर आणि गळ्यावर कोड होतं. मी म्हटलं, "कळवते." तुम्हाला माहीत आहे, दुकानदार "कळवते" म्हणाला की काय समजायचं. ती आता दुसऱ्या दुकानात आहे, आणि माझ्या दोन जुन्या गिऱ्हाइकबाया मॅचिंगसाठी तिच्याकडंच जातात. त्यातल्या एकीनंच मला हे सांगितलं.

दुसरी चूक युनिफॉर्मची. नांदगाव पेठच्या होलसेल मार्केटमधून पाचही मुलींसाठी मरून जॉर्जेटच्या साड्या आणल्या, सोबत पंप शूज. डोक्यात एअर होस्टेसच होती, दुसरं काय! ओपनिंगच्या फोटोत झकास दिसलं. मग आला मे. अकोल्यात पारा 45 च्या पुढं जातो, कूलर गिऱ्हाइकाच्या बाजूनं लावलेला, आणि पोरी सिंथेटिक साडीत दहा तास उभ्या. एकीनं शेवटी तोंड उघडलं. "ताई, वरचा माल काढू का पदर सांभाळू? हे घालून मले शिडीवर चढता नाही येत." मी तिला म्हटलं, सवय होईल. पंधरा दिवसांत दोघी सोडून गेल्या. नव्या मुलीला दुकानातला माल, साइज, रेट पाठ व्हायला तीन-चार महिने जातात. त्या सीझनला माझं काय झालं असेल याचा हिशोब तुम्हीच करा.

आता विमानाकडं येऊ, कारण हीच चूक मोठ्या कंपन्यांनी आपल्या आधी कितीतरी वर्षं केली आणि आता पैसे खर्च करून निस्तरत आहेत.

पहिली स्टुअर्डेस 1930 मध्ये अमेरिकेत विमानात चढली, एलन चर्च नावाची. ती शिकलेली नर्स होती. म्हणजे काम सुरू झालं ते माणसांची काळजी घेण्यासाठी. सुंदरी हा प्रकार नंतर चिकटला आणि आपल्या भाषेनं तर तो नावातच घेतला: हवाई सुंदरी. पायलटला कोणी हवाई सुंदर म्हणतं का?

आपल्याकडं एअर इंडियाच्या मुली सुरुवातीला स्कर्ट-जॅकेट घालायच्या. साठच्या दशकात साडी आली आणि जगात तीच कंपनीची ओळख झाली. ती कल्पना धंद्याच्या दृष्टीनं फार हुशारीची होती, हे मी मान्य करते. पण साडीच्या आत नियम कसे होते बघा. एअर होस्टेसनं 35 व्या वर्षी निवृत्त व्हायचं. नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केलं तर त्याआधीच घरी. पहिल्यांदा दिवस गेले तरी घरी. मुंबईच्या नर्गेश मिर्झा आणि इतर मुली कोर्टात गेल्या आणि 1981 मध्ये सुप्रीम कोर्टानं गरोदरपणाचा नियम रद्द केला, तो भारतीय स्त्रीत्वाचा उघड अपमान आहे असं म्हणत. लग्नाची चार वर्षांची अट मात्र त्याच निकालात कोर्टानं योग्य ठरवली. हे लोक सांगताना विसरतात. पुढं वजनाचा वाद झाला. वजन जास्त म्हणून विमानातून खाली उतरवलेल्या मुली दिल्ली हायकोर्टात गेल्या आणि 2008 मध्ये तिथं हरल्या. म्हणजे कायदा आपोआप धावून येईल या भरवशावर कोणी राहू नये.

आणि हे सगळं जुनं झालं असंही नाही. नोव्हेंबर 2022 मध्ये एअर इंडियाच्या ग्रूमिंगच्या नियमांची बातमी आली होती: पांढरे केस रंगवलेच पाहिजेत, टिकली अर्ध्या सेंटिमीटरची, मोत्याचे कानातले नकोत, आणि पुरुषांना टक्कल पडू लागलं असेल तर पूर्ण डोकं रोज साफ. यात पुरुषही आले, हा एक बदल म्हणायचा!

पण त्याच वर्षी दुसरीकडं काय झालं? ऑगस्ट 2022 मध्ये अकासा एअर सुरू झाली. नवी कंपनी, समोर मोठे खेळाडू. त्यांनी क्रूला ट्राउझर, जॅकेट आणि पायात स्नीकर्स दिले. कापड समुद्रातून काढलेल्या प्लास्टिकच्या बाटल्यांपासून बनवलेलं, बुटाचे तळवे रिसायकल केलेल्या रबराचे. मला यातलं पर्यावरण वगैरे नंतर, आधी बूट आवडले. दिवसभर उभं राहणाऱ्या माणसाच्या पायाचा विचार कोणीतरी मीटिंगमध्ये बसून केला. आणि त्याचीच बातमी झाली, म्हणजे जाहिरात झाली.

मग डिसेंबर 2023 मध्ये एअर इंडियानंही मनीष मल्होत्रांनी केलेला नवा युनिफॉर्म दाखवला. साडी ठेवली, पण रेडी टू वेअर, निऱ्या घालत बसायला नको, आणि हवी तर पँटवरही घालता येते. मला हा सगळ्यात शहाणा तोडगा वाटतो. ओळख घालवली नाही आणि चालणाऱ्या माणसाची अडचणही सोडवली. सिंगापूर एअरलाइन्सचा सारोंग-कबाया 1968 पासून चालू आहे, लोक विमान विसरतात पण तो ड्रेस विसरत नाहीत. तेव्हा जो म्हणतो युनिफॉर्मचा काही फायदा नसतो, त्याच्याशी मी वाद घालायला तयार आहे. युनिफॉर्म पाहिजेच. भांडण युनिफॉर्मशी नाही, त्याच्या आतल्या बाईचा चेहरा, वय, वजन आणि रंग मोजणाऱ्या पट्टीशी आहे.

बाहेर तर वारं केव्हाच फिरलंय. व्हर्जिन अटलांटिकनं 2019 मध्ये मेकअप ऐच्छिक केला, जपान एअरलाइन्सनं 2020 मध्ये हिल्सची सक्ती काढली, क्वांटासनं 2023 मध्ये मेकअप आणि हिल्स दोन्हींची. 2023 मध्येच ब्रिटिश एअरवेजच्या मुलींना जंपसूट मिळाला.

यावर एक ठरलेली तक्रार असते, आणि माझ्या बॅचमधले काका लोक ती हमखास करतात: "मॅडम, मग विमानात बसायची मजाच काय राहिली?" काका, विमान पूर्ण भरलेलं असताना ते दीड मिनिटात रिकामं करता येतं हे दाखवल्याशिवाय त्या मॉडेलला परवानगी मिळत नाही. घसरगुंडीवरून उतरताना प्रवासी बायांना हिल्स काढायला सांगतात. आणि ते सांगणाऱ्या मुलीनं मात्र हिल्स घालायच्या? 2 जानेवारी 2024 ला टोकियोच्या हानेडा विमानतळावर जपान एअरलाइन्सचं विमान दुसऱ्या विमानाला धडकून पेटलं. आतले सगळे 379 जण जिवंत बाहेर आले. धुरात ओरडून, दार कोणतं उघडायचं आणि कोणतं नाही हे ठरवून क्रूनं त्यांना बाहेर काढलं. त्या वेळी कोणाच्या लिपस्टिकचा शेड आठवला असेल?

आपल्या दुकानात आग लागत नाही, लागू नये. पण आपलं काम काय आहे हे आपणही विसरतो. साडीच्या काउंटरवरच्या मुलीचं काम म्हणजे गिऱ्हाइकाच्या मनातला रंग ओळखणं, तीस घड्या उलगडून न चिडता परत घालणं, आणि "दाखवून ऱ्हायली ना काकू" म्हणत बजेट काढून घेणं. यात देखणेपण कुठं बसतं? नीटनेटकेपणा बसतो: धुतलेला कपडा, बांधलेले केस, कापलेली नखं, कारण नखानं जरीचा धागा ओढला जातो. नीटनेटकं राहणं शिकवता येतं, मागता येतं. नाकडोळे ना शिकवता येतात ना मागता येतात.

आता मी काय केलं. साड्या बंद केल्या. टेरीकॉटचा गुडघ्याखालपर्यंत कुर्ता, नेव्ही ब्लू, गळ्याला दुकानाचा पिवळा पाइपिंग. शुद्ध कॉटन आधी करून पाहिलं होतं, ते दोन महिन्यांत उडालं आणि आटलं, म्हणून टेरीकॉट. शिलाईसकट एक सेट मला 480 रुपयांत पडला, प्रत्येकीला वर्षाला तीन सेट. पगारातून एक रुपया कापत नाही. जो दुकानदार युनिफॉर्मचे पैसे पोरीच्या पगारातून वळते करतो, त्यानं तो युनिफॉर्म स्वतः घालून उन्हात उभं राहावं असं माझं स्पष्ट मत आहे. दोन वयस्कर ताई आहेत, त्यांना साडीच बरी वाटते. त्या कॉटन साडी नेसतात, वरून त्याच रंगाचं जॅकेट. बुटाची कंपनी, रंग काही ठरवलेलं नाही, फक्त मागून पट्टा पाहिजे, शिडीवर चप्पल निसटते म्हणून.

तुम्ही करणार असाल तर माझं ऐका, एकदम पाच-दहा सेट शिवू नका. एकच शिवा, सगळ्यात जास्त पळापळ करणाऱ्या मुलीला आठ दिवस घालायला द्या, लग्नसराईतलेच आठ दिवस. नंतर तिला विचारा. काखेत कुठं काचतं, ओढणी लागते का, खिसा कुठं पाहिजे. एका मुलीनं सांगितलं, खिसा डावीकडं द्या, उजव्या हातात मापाचा टेप असतो. हे मला बीबीएमध्ये शिकवलं नव्हतं.

आणि बसायला स्टूल. केरळनं 2018 मध्ये आणि तामिळनाडूनं 2021 मध्ये दुकानातल्या कामगारांना बसायची सोय द्यायचा कायदाच केला. आपण कायद्याची वाट का बघायची? माझ्या दुकानात दोन काउंटरमागं मिळून तीन स्टूल आहेत, गिऱ्हाईक नसलं की बसा. सुरुवातीला मलाच ते बघवत नव्हतं, खोटं कशाला बोलू. आई गल्ल्यावर बसलेली असली की अजूनही कुरकुरते, "पोरी बसून ऱ्हायल्या, पगार कायचा देतं?"

सगळं जमलंय असं नाही. मागच्या दिवाळीत एक मुलगी मुलाखतीला आली, चेहऱ्यावर मोठी जन्मखूण. मी तिला घेतलं. आठवड्याभरात एका नेहमीच्या गिऱ्हाइकबाईनं मला बाजूला घेऊन विचारलं, "दुसरी नाही का गं तुमच्याकडं दाखवायला?" मी म्हटलं, ब्लाउजच्या मापात हीच सगळ्यात पक्की आहे. बाई काही न बोलता गेल्या. पुन्हा आलेल्या नाहीत अजून. वर्षाला तीसेक हजारांचं गिऱ्हाईक होतं ते. मुलगी आहे, आणि तिला हे काही मी सांगितलेलं नाही.

पुढच्या महिन्यात नवे सेट शिवायला टाकायचेत. पोरींनी या वेळी मोबाइल मावेल एवढा खिसा मागितलाय. मोबाइलचा नियम काय करायचा हे अजून माझं ठरलेलं नाही, तुमच्या दुकानात काय करता ते सांगा.