चार सेंटची पिन, एकाहत्तर डॉलरचे बिल

रेल्वे वर्कशॉपच्या स्टोअर्समध्ये ज्यांची हयात गेली, त्यांना हा प्रकार नवा नाही. एकीकडे रॅकवर माल धूळ खात पडलेला असतो आणि दुसरीकडे त्याच मालाची तातडीची खरेदी चालू असते, तीही चढ्या भावाने. चौकशी लागली की मान मात्र स्टोअर्स क्लार्कची पकडली जाते. म्हणूनच अमेरिकेतील एक प्रकरण आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

टेक्सास राज्यात कॉर्पस ख्रिस्ती येथे अमेरिकी लष्कराचा हेलिकॉप्टर दुरुस्तीचा मोठा कारखाना आहे. अपाची ही लढाऊ आणि चिनूक ही वाहतुकीची हेलिकॉप्टरे तेथे पूर्ण उघडून, तपासून पुन्हा उभी केली जातात. कारखाना सरकारी, पण सुटे भाग पुरवण्याचा ठेका बोइंग कंपनीकडे. मे २०११ मध्ये संरक्षण खात्याच्याच महानिरीक्षकांनी या ठेक्याची तपासणी करून अहवाल दिला. त्यातील आकडे वाचून आम्हीही चाट पडलो. धातूची एक साधी सरळ पिन, सरकारी किंमत ४ सेंट. कंपनीचे बिल ७१ डॉलर. त्या वेळच्या दराने दोन रुपयांच्या आतली वस्तू तीन हजारांवर गेली! नखाएवढा एक गिअर साडेबारा डॉलरचा, तो ६४४ डॉलरला. पावणेआठ डॉलरच्या एका लहान भागाचे १,६७८ डॉलर. तपासलेल्या भागांपैकी फक्त १८ भागांत लष्कराने सुमारे १ कोटी ३० लाख डॉलर जादा मोजले होते. कंपनीने नंतर काही रक्कम परत केली, हेही सांगितले पाहिजे.

पण खरी गोम पुढेच आहे. ती चार सेंटची पिन सरकारी भांडारात हजारोंच्या संख्येने पडून होती. आपल्या भांडारात काय आहे हे न पाहताच कारखाना कंपनीकडे मागणी नोंदवत होता. ठेका देण्यामागचा युक्तिवाद मात्र आपल्याही ओळखीचाच: खाजगी पुरवठादार आला की काम स्वस्त आणि झटपट होते.

आता आपल्याकडे पाहू. २०१५ च्या करारानुसार हवाई दलासाठी २२ अपाची आली, २०२० मध्ये लष्करासाठी आणखी ६ ठरली. ही हेलिकॉप्टरे तीस-चाळीस वर्षे वापरायची असतात. पहिली किंमत एकदाच मोजावी लागते, सुट्या भागांची मात्र जन्मभर. त्या आधीची एमआय-२५ आणि एमआय-३५ सोव्हिएत बनावटीची. १९९१ मध्ये सोव्हिएत संघच मोडला आणि एका देशाच्या भागांसाठी अनेक दारे ठोठावण्याची पाळी आली. विकणारा बदलला म्हणून परावलंबन संपत नाही.

त्या दृष्टीने मार्च २०२५ मध्ये हिंदुस्तान एरोनॉटिक्सला १५६ ‘प्रचंड’ हेलिकॉप्टरांचे सुमारे ६२,७०० कोटींचे काम मिळाले, याचे आम्ही स्वागत करतो. कारखाना सार्वजनिक क्षेत्रातला आहे. पण त्याच सरकारने १ ऑक्टोबर २०२१ रोजी ४१ आयुध निर्माणींचे तुकडे करून सात कंपन्या केल्या आणि कामगार संपावर जातील म्हणून आधी वटहुकूम, मग कायदा करून संपाला बंदी घातली. सरकारी माल महाग पडतो, असे तेव्हा ऐकवले जात होते. हे ऐकवणाऱ्यांनी कॉर्पस ख्रिस्तीची बिले एकदा डोळ्यांखालून घालावीत.

आमचे मागणे फार नाही. हेलिकॉप्टरच्या प्रत्येक करारात सुट्या भागांची दरसूची आणि दुरुस्तीचे हक्क आधीच लिहून घ्यावेत, दुरुस्ती सरकारी डेपोतच ठेवावी, आणि बाहेर मागणी नोंदवण्यापूर्वी भांडारातील शिल्लक तपासल्याची सही बंधनकारक करावी. ही सही आपला स्टोअर्स क्लार्क रोजच करतो.